भोपळ्याच्या ब्राउनीतली साखर

सासऱ्यांच्या अमृतमहोत्सवी वाढदिवसासाठी बिनअंड्याच्या भोपळ्याच्या ब्राउनी हव्यात, अशी मागणी एका जुन्या ग्राहक बाईंनी केली, तेव्हा त्यात विशेष काही नव्हते. विशेष होती ती शेवटची सूचना: "ताई, डब्यावर 'मधुमेहींसाठी योग्य' एवढे लिहून द्या, म्हणजे ते निर्धास्त खातील."

भोपळ्याविषयी मी हट्टी आहे. लाल भोपळ्यात सुमारे 90 टक्के पाणी असते आणि अमेरिकी पाककृती डब्यातली दाट प्युरी गृहीत धरून लिहिलेल्या असतात. त्यामुळे कुकरमध्ये शिजवलेला भोपळा त्याच मापाने घातला, की ब्राउनीऐवजी ओलसर केक हाती येतो. मी गर्द केशरी गराची फोड ओटीजी ओव्हनमध्ये भाजते, गर वाटते आणि जाड बुडाच्या कढईत तो इतका आटवते, की उलथने फिरवल्यावर तळ क्षणभर कोरडा दिसावा. घारग्यांसाठी भोपळा गुळात शिजवताना वरून पाणी घालत नाहीत, त्यामागचे कारणही हेच. अशा आटवलेल्या 200 ग्रॅम गराला 200 ग्रॅम डार्क चॉकलेट, 100 ग्रॅम लोणी, 150 ग्रॅम साखर, 90 ग्रॅम मैदा आणि 30 ग्रॅम कोको, एवढे 8 इंची चौकोनी टिनला पुरते. बेकिंग पावडर मी घालत नाही, कारण ब्राउनी फुगली की तिचा दाट, चिकट गाभा गेलाच. चॉकलेटही कंपाउंड चालत नाही. त्यात कोको बटरऐवजी वनस्पती तेल असते आणि ते टाळूला मेणासारखे चिकटते. टोचलेल्या काडीला ओलसर कण लागत असतानाच टिन बाहेर काढायचा, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायचा आणि मगच गरम सुरीने कापायचा. "आजच द्या" म्हणणाऱ्यांना ही शेवटची पायरी समजावून सांगणे मी आता सोडून दिले आहे.

या टिनचे 16 तुकडे होतात. घातलेली साखर आणि 55 टक्के कोकोच्या चॉकलेटमधली साखर मिळून तुकड्यामागे सुमारे 15 ग्रॅम, म्हणजे तीन चमचे तरी साखर पोटात जाते. मैद्याचा पिष्टांश वेगळाच. भोपळ्याने ब्राउनी मऊ होते, अंड्याची उणीव बरीचशी भरून निघते, पण साखरेचा एक कणही त्याने कमी होत नाही. 'शुगर फ्री' म्हणायला आपल्याकडे 100 ग्रॅममागे अर्धा ग्रॅम ही मर्यादा आहे. गूळ घातला म्हणून 'हेल्दी' लिहिणाऱ्या आमच्या व्यवसायबंधूंना ती माहीत नसेल, असे मला वाटत नाही.

बाईंनी सुचवलेली ओळ मी लिहिली नाही आणि तसे त्यांना आधीच कळवले. नेहमीप्रमाणे घटकांची यादी मात्र लावली.

डबा पोचवायला गेले, तेव्हा दार सासऱ्यांनीच उघडले. त्यांनी चष्मा लावून यादी वाचली आणि विचारले, "भोपळ्याच्या आहेत म्हणे. साखर किती आहे यात?" मागे सूनबाई उभ्या होत्या. "काका, एका तुकड्यात तीन चमचे तरी असेल," मी सांगितले. ते हसले, "म्हणजे अर्धाच खावा लागणार," म्हणाले आणि डबा घेऊन आत गेले. सूनबाईंनी पैसे दिले. त्या माझ्याशी एक शब्दही बोलल्या नाहीत.

खोटे सांगायचा प्रश्नच नव्हता. पण वाढदिवसाच्या दिवशी, दारातच, सुनेच्या देखत आकडा सांगायला हवा होता, की "आत जाऊन सूनबाईंना विचारा" म्हणून सुटता आले असते? माझी बहीण म्हणते, ऑर्डर देणारी व्यक्तीच ग्राहक. मला ते पटत नाही. खाणाराही ग्राहकच आहे, आणि त्याने सरळ प्रश्न विचारला होता. त्या घरातून पुन्हा मागणी आलेली नाही. मी मात्र आता यादीखाली तुकड्यामागची साखर ग्रॅममध्ये छापते. त्यावर ग्राहक कुरकुरतात आणि दोन तुकडे जास्तच मागवतात.