चारच्या जागी शून्य

गेल्या महिन्यात ऑडिटमध्ये माझी एक चूक निघाली. खरं तर एका आकड्याची. पण अजून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहून टाकते.

मी मेडिकल कोडर आहे. ‘कोडिंग’ म्हटलं की नातेवाईक वेबसाइट बनवून दे म्हणतात, तेव्हा आधीच सांगते, ते कोडिंग वेगळं. अमेरिकेतल्या रुग्णालयातून पेशंट घरी गेला की त्याचा चार्ट आमच्यापुढे येतो. डॉक्टरांनी लिहिलेलं सगळं वाचायचं आणि निदानांना, शस्त्रक्रियांना ठरलेले कोड द्यायचे. निदानाला आयसीडी-१०-सीएम, भरती पेशंटच्या शस्त्रक्रियेला आयसीडी-१०-पीसीएस. दोन्ही तिथे १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू आहेत. विम्याचा क्लेम याच कोडांवर जातो.

तर ती चूक. ऑपरेशन पित्ताशय काढण्याचं. नोटच्या डोक्यावर ठळक अक्षरांत ‘लॅपरोस्कोपिक कोलेसिस्टेक्टॉमी’, म्हणजे दुर्बिणीतून पित्ताशय काढणं. पीसीएसच्या कोडमध्ये सात जागा असतात आणि प्रत्येक जागेचा अर्थ ठरलेला. (ओ आणि आय ही अक्षरं त्यात घेतलेलीच नाहीत, शून्य आणि एकशी गल्लत व्हायला नको म्हणून.) मी कोड दिला ०एफटी४४झेडझेड. शून्य म्हणजे शस्त्रक्रियांचा विभाग, एफ म्हणजे यकृत, पित्तमार्ग आणि स्वादुपिंड, टी म्हणजे अवयव अख्खा काढला. मग दोन चार. पहिला चार पित्ताशयाचा, दुसरा दुर्बिणीचा. शेवटचे दोन झेड म्हणजे आत काही बसवलेलं नाही आणि आणखी काही सांगायचं नाही.

हात बसलेला कोड आहे, डोळे मिटून टाइप करता येतो. घोळ तिथेच झाला.

ऑडिटरने शेऱ्यात फक्त परिच्छेदाचा नंबर लिहिला होता. चौथा. दुर्बीण आत घातल्याचं वर्णन संपतं तिथे एक वाक्य होतं: आतले अवयव एकमेकांना फार चिकटलेत, रचना नीट कळत नाही, म्हणून ओपन करत आहोत. सर्जनने वरचा मथळा तसाच ठेवला होता आणि मी मथळ्यावर विसंबले होते. पित्ताशय निघालं ते पोट उघडून, म्हणजे दुसऱ्या चारच्या जागी शून्य हवा. आधी दुर्बिणीतून पाहिलं त्याचा ‘इन्स्पेक्शन’चा कोड वेगळा, आणि दुर्बिणीचं ऑपरेशन ओपन करावं लागलं हे सांगणारा झेड५३.३१ आणखी वेगळा. तिन्ही चुकले. दुर्बिणीचं आणि ओपन, दोन्हींचे पैसे वेगवेगळ्या गटांत मोजले जातात, त्यामुळे ‘एकच तर आकडा’ म्हणायची सोय नाही.

गंमत म्हणजे पीसीएसमध्ये सर्जनचे शब्द आम्ही जसेच्या तसे घेतच नाही. त्याने ‘पार्शियल रिसेक्शन’ लिहिलं, तर आमच्या लेखी ते ‘एक्सिजन’, म्हणजे काही भाग काढणं, कारण रिसेक्शन म्हणजे पूर्ण काढणं. हे त्याला विचारावंही लागत नाही, नियमावलीच म्हणते की अर्थ लावणं कोडरचं काम. निदानाच्या बाबतीत मात्र उलटं. रिपोर्ट कितीही ओरडून सांगोत, डॉक्टरने लिहिलं नसेल तर तो आजार आमच्यासाठी नाही. ओपीडीच्या नोटमध्ये ‘प्रॉबेबल न्यूमोनिया’ असेल तर खोकला-तापाचे कोड द्यायचे. भरती पेशंटच्या डिस्चार्जच्या वेळी तेच शब्द असतील तर न्यूमोनियाचाच द्यायचा. नवीन मुलींना हे शिकवताना माझाच घसा बसतो.

(आणि हो, झेड६३.१ हा कोड खरोखर आहे: सासरच्यांशी नातेसंबंधातल्या अडचणी. हे घरी सांगायची चूक मी केली.)

ऑडिटनंतरच्याच आठवड्यात एक चार्ट आला, त्यात निदान होतं ‘युरोसेप्सिस’. डॉक्टर सर्रास वापरतात हा शब्द, पण आयसीडी-१०-सीएममध्ये त्याला कोडच नाही. संसर्ग लघवीच्या मार्गापुरता की त्यातून सेप्सिस (संसर्गाला शरीराचा जीवघेणा प्रतिसाद) झालाय, हे या शब्दातून कळत नाही, म्हणून डॉक्टरला विचारा असं नियमात स्पष्ट लिहिलंय. पेशंटला सणसणून ताप, पांढऱ्या पेशी वाढलेल्या. मी मायक्रोबायोलॉजीची पदवीधर, मनात म्हटलं, हा सेप्सिसच. पण क्वेरीत, म्हणजे डॉक्टरला पाठवायच्या लेखी प्रश्नात, असं सुचवायचं नसतं. ताप किती, पेशी किती, कल्चरमध्ये (जंतू वाढवून केलेल्या तपासणीत) काय, एवढं मांडलं आणि खाली पर्याय दिले: मूत्रमार्गाच्या संसर्गातून सेप्सिस, नुसता मूत्रमार्गाचा संसर्ग, अन्य काही, सांगता येत नाही. कोणत्या उत्तराने बिल किती होईल, याचा उल्लेखही चालत नाही.

उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. नुसता संसर्ग, सेप्सिस नाही. मी मूत्रमार्गाच्या संसर्गाचा एन३९.० टाकला आणि पुढचा चार्ट उघडला.