रिमिनीतलं दोन तारे हॉटेल: खोली स्वस्त पडली, किनाऱ्याने लुटलं

इटलीतल्या रिमिनीला जाणार असाल तर खोलीच्या भाड्यावरून बजेट ठरवू नका. बाकीचं सगळं वेगळं मोजलं जातं आणि ते बुकिंग करताना कुणी नीट सांगत नाही, म्हणून हे लिहितेय.

आम्ही म्युनिकहून ट्रेनने गेलो, आम्ही दोघं आणि सासू-सासरे, जूनच्या शेवटी. आमचं हॉटेल रिमिनीच्या मिरामारे भागात. साठ-सत्तरच्या दशकात जर्मन आणि इटालियन कुटुंबांची इथे झुंबड उडायची तेव्हा अशी घरगुती छोटी हॉटेलं गल्लीगल्लीत उभी राहिली, आमचंही त्यातलंच, आणि तेव्हापासून फारसं काही बदललेलं नाही. डबल बेड म्हणजे दोन सिंगल पलंग जोडलेले, मधे फट. बाथरूममध्ये शॉवरला नुसता पडदा, आंघोळ झाली की पाणी पार दारापर्यंत. लिफ्टमध्ये एक माणूस आणि एक बॅग, बाकीच्यांनी जिन्याने चढायचं. पण चादरी स्वच्छ, बाल्कनीत कपडे वाळत घालायला दोरी, मालकीणबाई प्रेमळ. खोलीबद्दल माझी काडीची तक्रार नाही, त्या पैशात हेच मिळणार.

तक्रार बीचची आहे. जाहिरातीत ठळक लिहिलेलं, खासगी बीच, ५० मीटरवर. बीच हॉटेलचा नाहीच! रिमिनीचा जवळजवळ सगळा किनारा ‘बान्यो’ म्हणतात अशा पट्ट्यांमध्ये वाटलेला आहे, बंदरापासून दक्षिणेकडे १ पासून १५० पर्यंत नंबर, प्रत्येक बान्यो वेगळ्या माणसाने सरकारकडून परवान्यावर चालवायला घेतलेला, प्रत्येकाच्या छत्र्या वेगळ्या रंगाच्या, एकदम आखीव रांगा. हॉटेलने त्यातल्या एकाशी बोलून ठेवलेलं असतं, झालं. एक छत्री आणि दोन खुर्च्यांचे आमच्याकडून दिवसाला ३० युरो घेतले, आम्ही चौघं म्हणजे त्याच्या दुप्पट, आणि हा म्हणे हॉटेलच्या पाहुण्यांचा सवलतीचा दर. दुपारी चालत शेजारच्या बान्योवर गेले तर तिथे बोर्डावर लिहिलेला साधा दर त्याहून कमी! परत येऊन विचारलं तर खांदे उडवले. इतका संताप झाला की त्या दिवशी पाण्यातही उतरले नाही. दोन दिवसांच्या छत्रीत सासू-सासऱ्यांचं जेवणखाण निघालं असतं.

तर काय करायचं ते ऐका. पाण्याच्या कडेची पट्टी कुणाच्या मालकीची नसते. कुठल्याही बान्योमधून चालत पाण्यापर्यंत जायला पैसे लागत नाहीत, तसा कायदाच आहे, कुणी अडवलं तरी सरळ चालत राहा. फक्त तिथे स्वतःची छत्री रोवून किंवा चादर पसरून बसता येत नाही. बसायचंच असेल तर बंदराजवळ, बान्यो १ च्या अलीकडे मोफत किनारा आहे, किनाऱ्याच्या रस्त्याने जाणारी ११ नंबरची बस पकडा, आपली छत्री-चादर घेऊन सकाळी लवकर पोहोचा, उशिरा गेलात तर जागा नाही. विकतच घ्यायची असेल तर पहिल्या ओळीचा हट्ट सोडा, मागच्या ओळी स्वस्त असतात, आणि तीन-चार बान्योंचे बोर्ड वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. हॉटेल सांगेल तिथे तर मुळीच नाही.

बाकीचे खर्च. सिटी टॅक्स दर माणशी दर रात्री, हॉटेलच्या ताऱ्यांप्रमाणे, तो ऑनलाइन भरलेल्या पैशात धरलेला नव्हता, काउंटरवर वेगळा द्यावा लागला. एसीचे रोजचे वेगळे पैसे. हाफ बोर्डमध्ये, म्हणजे नाश्ता आणि एक जेवण धरलेल्या दरात, रात्रीचं जेवण येतं पण पाणी येत नाही, बाटली टेबलावर ठेवली की बिलात चढली. साधं पाणी मागून बघा, आम्हाला तरी नाही मिळालं.

शाकाहारी लोकांनी हे नक्की वाचा. इथली पियादिना दिसायला आपल्या जाड पोळीसारखी, सगळे सांगतात खा खा, पण पारंपरिक पिठात डुकराची चरबी असते. ऑलिव्ह ऑइलची मिळते, ऑर्डर देतानाच स्पष्ट विचारायचं. सासूबाईंसाठी मी प्रत्येक ठेल्यावर विचारलं, कुणाला राग आला नाही. आतमध्ये स्क्वाक्वेरोने नावाचं मऊ चीज आणि रुकोलाची पानं घ्या, चांगलं लागतं. हॉटेलात मात्र शाकाहारी म्हटलं की रोज टोमॅटोचा पास्ता, तयारी ठेवा.

समुद्र उथळ आहे, बरंच आत गेलं तरी कमरेएवढंच पाणी, म्हातारी माणसं आणि लहान मुलांसाठी उत्तम. निळंशार नितळ पाणी हवं असेल तर इथे येऊच नका, दुसरीकडे जा. सूर्य इथे समुद्रातून उगवतो, कोकणासारखा त्यात मावळत नाही, जूनमध्ये साडेपाचच्या सुमारास. आम्ही दोघं एकदा गेलो, किनाऱ्यावर चिटपाखरू नाही, छत्र्या मिटलेल्या, तासभर पोहलो, एक पैसा लागला नाही, तेवढ्यात अख्खी ट्रिप वसूल झाली असं वाटलं.

जुनं शहरही बघितलं, रोमन सम्राट ऑगस्टसची कमान इ.स.पू. २७ ची, टायबेरियसचा पूल इ.स. २१ मध्ये पूर्ण झालेला, अर्धा दिवस पुरतो. सान मारिनो या शेजारच्या छोट्या देशात जायला स्टेशनसमोरून बस आहे.

ऑगस्टमध्ये जाऊ नका. १५ ऑगस्टच्या आसपास अख्खी इटली सुट्टीवर असते, भाव चढतात, बरीच हॉटेलं आठवड्यापेक्षा कमी दिवस देतही नाहीत. जून किंवा सप्टेंबर बरा. बुक करायच्या आधी हॉटेलला मेल टाकून एसी, सिटी टॅक्स, जेवणातलं पाणी आणि छत्रीचा आकडा हे सगळं लेखी मागवा, आणि छत्रीचा आकडा द्यायला टाळाटाळ केली तर दुसरं हॉटेल बघा, तिथे हॉटेलांना तोटा नाही.