केळीच्या पंपापासून गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत : आमची वाटचाल

आमचं मूळ काम मोटार रिवाइंडिंगचं. सावदा, फैजपूर, रावेर हा सगळा केळीचा पट्टा. ऐन उन्हाळ्यात पंप बंद पडला की बाग मान टाकते, म्हणून जळालेली मोटार घेऊन आलेला शेतकरी वाइंडिंग होईपर्यंत दुकानातून हलत नाही. वडिलांनी सावद्याला दुकान टाकलं ते याच भरवशावर. पण पाऊस लागला की पंप बंद आणि कारागीर रिकामे. ते महिने भरून काढायला आधी स्टॅबिलायझरचे ट्रान्सफॉर्मर घेतले, मग लग्नाच्या बँडवाल्यांचे अ‍ॅम्प्लिफायर.

गिटारची भानगड भुसावळहून आली. तिथल्या चर्चमध्ये वाजवणाऱ्या एका गृहस्थांचा व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचा) जुना अ‍ॅम्प्लिफायर, ट्रान्सफॉर्मर जळालेला, नवा कुठे मिळेना. आम्ही जुना उकलला, वेढे मोजले आणि तसाच भरून दिला. त्यांनी चार जणांना सांगितलं. मग धुळे, नाशिक, पुणे इथल्या, घरीच अ‍ॅम्प्लिफायर बांधणाऱ्या पोरांचे फोन सुरू झाले.

ट्रान्सफॉर्मर विकला की पाठोपाठ एक फोन ठरलेला असायचा. "हे कायले एवढं गुंगतंय भो?" गुंगतंय म्हणजे स्पीकरमधून सतत येणारा 'हम्म' आवाज, हम. दोष आमच्या ट्रान्सफॉर्मरवर यायचा, म्हणून आम्हाला त्यात शिरावंच लागलं.

दहातल्या सात-आठ वेळा घोळ हीटरच्या, म्हणजे व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या तारेच्या, वायरिंगमध्ये निघतो. व्हॉल्व्हचा हीटर ६.३ व्होल्ट एसीवर तापतो. ईसीसी ८३ या छोट्या व्हॉल्व्हला ०.३ अँपिअर लागतात, ईएल ८४ या पॉवर व्हॉल्व्हला ०.७६. पोरं दोन वायरी जोडतात, व्हॉल्व्ह लाल होतो, काम झालं असं समजतात. पण ट्रान्सफॉर्मरचं हीटरचं वाइंडिंग चॅसीला, म्हणजे पत्र्याच्या सांगाड्याला, कुठेच जोडलेलं नसतं, अधांतरी असतं. मग हीटर आणि त्याने तापणाऱ्या कॅथोडमधल्या बारीक गळतीतून लाइनचा ५० हर्ट्‌झ आत शिरतो आणि पुढचे व्हॉल्व्ह तो वाढवत नेतात. मीटरची एक पिन हीटरला आणि दुसरी चॅसीला लावली, तर काटा कुठेही भटकताना दिसतो.

जुन्या रेडिओत हीटरचं एक टोक सरळ चॅसीला डागलेलं असायचं. ते बघून बरेच जण तसंच करतात. रेडिओत ते खपून जायचं, कारण छोट्या स्पीकरमधून ५० हर्ट्‌झ धड ऐकूच येत नाही. गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये एकामागून एक स्टेज आणि समोर बारा इंची स्पीकर, तिथे लपवाछपवी चालत नाही. वाइंडिंगचा मधला बिंदू चॅसीला जोडला तर चॅसीच्या मानाने एक टोक जेवढं वर जातं तेवढंच दुसरं खाली येतं आणि त्यांचा हम एकमेकांना बराचसा खोडून काढतो.

वाइंडिंगच्या मधोमध काढलेला फाटा, म्हणजे मध्य टॅप, असेल तर तो चॅसीला जोडा, झालं. टॅप नसेल तर दोन टोकांवरून १०० ओहमचे दोन रेझिस्टर चॅसीला, अर्ध्या वॅटचे. प्रत्येकी वॅटचा दहावा हिस्साच जळतो. दोन्ही उपाय एकदम करायची गरज नाही. आणि वायरी घट्ट पिळून, चॅसीच्या कोपऱ्याला चिकटवून, सिग्नलच्या वायरीपासून लांब न्या. सैल पीळ दिलेली वायर आमच्याकडे तपासायला आली की आमचा कारागीर आधी तीच उपटतो, मग मीटर हातात घेतो.

आमच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये हीटरचं वाइंडिंग दोन तारा जोडीने घेऊन भरतो. दोन्ही अर्ध्यांची लांबी आपोआप सारखी येते आणि टॅप नेमका मधे पडतो. तार १८ गेजची, म्हणजे दोन ईएल ८४ आणि तीन ईसीसी ८३ मिळून होणारे २.४ अँपिअर आरामात निघतात. प्रायमरीला, म्हणजे लाइनकडच्या वाइंडिंगला, २१०, २३० आणि २५० व्होल्टचे टॅप काढतो. खेड्यात लाइन १८० वर उतरली की ६.३ चे पाच व्होल्टही उरत नाहीत. मोटारीच्या धंद्यात जन्म गेल्यामुळे ही सवय आमच्या हातातच आहे.

कॅथोड फॉलोअर, म्हणजे सिग्नल कॅथोडवरून बाहेर काढणारी स्टेज, असलेल्या सर्किटमध्ये कॅथोड दीडशे व्होल्टच्या वर बसतो. ईसीसी ८३ ला हीटर आणि कॅथोडमध्ये १८० व्होल्टची मर्यादा आहे. तिथे मध्य टॅप चॅसीवरून सोडवायचा आणि मुख्य सप्लायवर २२० के आणि ४७ के (किलो-ओहम) रेझिस्टरची विभागणी करून मधल्या बिंदूला जोडायचा, तिथून चॅसीला एक कॅपॅसिटर. ३०० व्होल्टला साधारण ५३ व्होल्ट मिळतात. कॅथोडवरचा ताण उतरतो आणि बहुतेक वेळा हमही खाली येतो.

हीटर डीसीवर चालवायचा हट्ट धरणारे बरेच भेटतात. माझ्या मते तो खर्च शेवटी करावा. संशय असेल तर इमर्जन्सी दिव्याची ६ व्होल्टची बॅटरी आणा, ट्रान्सफॉर्मरची वायर सोडवून पहिल्या व्हॉल्व्हचा हीटर तिच्यावर चालवा, बॅटरीचं एक टोक चॅसीला. हम गेला तर हीटरच दोषी. नाही गेला आणि आवाज जास्त घरघरीत, १०० हर्ट्‌झचा असेल, तर सप्लायच्या फिल्टर कॅपॅसिटरकडे वळा.

अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीला पाठवायचा असेल तर व्हॉल्व्ह काढून वेगळे बांधा, सर्किटचं हाती काढलेलं चित्र सोबत द्या. आणि तीन पिनचा प्लग असल्याशिवाय आम्ही तो चालू करत नाही. चॅसीला अर्थिंग नसेल तर आधी तेच काम होईल आणि त्याचे पैसे बिलात वेगळे धरले जातील.