बोरमाळ, नोंद सातवी: मण्यातला फुगा सापडला

मंडळी, मी घडवत असलेल्या चांदीच्या बोरमाळेचे मणी का चेपत होते ते कळलं. दोष पत्र्याचा नव्हता आणि हातोडीचाही नव्हता. मण्याच्या पोटात हवा अडकत होती. गेल्या नोंदीत सहापैकी चार मणी मठारताना, म्हणजे हातोडीच्या बारीक ठोक्यांनी घडवताना, चेपले होते, तिथूनच पुढे सुरू करते.

मापं तीच आहेत: मणी ११ मिमी लांब, पोटात ९ मिमी, चांदी ९२.५, पत्रा ०.३५ मिमी. आकार आजोळच्या सोन्याच्या बोरमाळेचा, पोत तांबट आळीतल्या घरच्या घंगाळाचा. ही दोन घराणी एका मण्यात आणायची, एवढाच या माळेचा हट्ट आहे. जुनी बोरमाळ गुळगुळीत असते, पातळ पत्रा आणि आत लाख. घंगाळ किंवा बंबावरचं मठारकाम मात्र केवळ शोभेसाठी नसतं. ठोक्याठोक्याने तांबं कडक होतं आणि पातळ भांडंही चेपत नाही. चांदीलाही हाच नियम लागू आहे, म्हणून ०.३५ चा मणी मठारल्यावर रोजच्या वापरात टिकायला हवा.

अडचण क्रमाची होती. मणी दोन वाट्या जोडून होतो. सपाट चकतीवर मठारून मग वाटी काढली, तर डॅपिंग ब्लॉकमध्ये, म्हणजे वाटीला आकार देणाऱ्या खळग्यांच्या ठोकळ्यात, ठोके पुसले जातात. वाटी काढून मग सुटी मठारली, तर काठ पसरतो आणि दोन वाट्या एकमेकींवर बसत नाहीत. माझ्या मापात काठ ९ वरून ९.३ पर्यंत गेला, आणि तोही एकसारखा नाही. जोडून झाल्यावर मठारावं, तर झाळताना (सोल्डरने जोडताना) चांदी पुरती मऊ झालेली असते. पोकळ मऊ मण्यावर हातोडी पडली की खड्डाच पडतो. राहतो एकच मार्ग, जुन्या कारागिरांचाच: जोडा, लाख भरा, मग मठारा. लाख भरल्यावर पुन्हा झाळण्याची आच देता येत नाही. म्हणून झाळकाम, सायट्रिक अ‍ॅसिडची धुलाई, खायच्या सोड्याच्या पाण्यात उकळणं हे सगळं आधी संपवायचं. सोड्याला फाटा देऊ नका. आत राहिलेलं आम्ल आठवड्याभराने भोकातून झिरपतं आणि तोंडाशी काळा डाग येतो.

वाट्यांचं काम आता हातात बसलं आहे. १४ मिमीची चकती कापायची. ब्लॉकच्या २० मिमीच्या खळग्यापासून सुरुवात करून १६, १४, १२, १० आणि शेवटी ९. दर दोन खळग्यांनंतर तापवून मऊ करायची, अंधाऱ्या कोपऱ्यात मंद लाल दिसेपर्यंतच. घाईत हे टाळलं तर १२ च्या खळग्यात काठाला सुरकुती पडते आणि ती पुढे कधीच निघत नाही. मग जाड काचेवर ३२० चा पॉलिश पेपर ठेवून काठ घासायचा, इंग्रजी आठाच्या आकड्यात हात फिरवत. दोन्ही टोकांना २.२ मिमीचं भोक जोडण्याआधीच पाडायचं. भोक नसेल तर आतली हवा तापून फुगते आणि वितळलेलं सोल्डर बाहेर फेकते. कधी मणीच फुटतो.

पत्रा घेताना गेजच्या भरवशावर राहू नका. २८ गेज म्हणून ब्रिटिश मापात ०.३७६ मिमी मिळतो आणि अमेरिकन मापात ०.३२. दोन्ही प्रकार एकाच गल्लीत विकले जातात. मी व्हर्नियर घेऊनच जाते आणि मिलिमीटरमध्येच मागते. सोल्डर बिनकॅडमियमचंच घ्या, विचारून आणि लिहून घ्या. कॅडमियम ७६७ अंशांना उकळतं, म्हणजे झाळण्याच्या आचेतच त्याची वाफ छातीत जाते. डॅपिंग ब्लॉक रविवार पेठेत स्वस्तात मिळतात, पण खळग्यात नख फिरवून पाहा. नख अडलं तर तो ओरखडा प्रत्येक वाटीवर उमटणार. माझा ब्लॉक ८०० आणि १२०० च्या पेपरने घासून घ्यावा लागला. एक दुपार गेली, पण वाट्यांवरचं पॉलिश निम्म्याने वाचलं.

आता फुग्याकडे. आधी मी चपडा लाख वापरत होते. ती दोन-तीनदा तापवली की चिवट होते आणि मग वितळतच नाही. शिवाय थंडीत ठोक्याखाली तिचा भुगा होतो. म्हणून राळेवर आले: राळ १०० ग्रॅम, विटेची वस्त्रगाळ पूड १०० ग्रॅम, जवसाचं तेल ८ ग्रॅम. डिसेंबरच्या पहाटे पारा १० अंशांच्या आसपास असताना हे मिश्रण तडकत होतं. तेल ११ ग्रॅम केल्यावर थांबलं. परीक्षा सोपी आहे. थंड झालेल्या वडीवर खिळ्याने हलका ठोका मारायचा. खड्डा पडला तर मिश्रण बरोबर, कपची उडाली तर तेल कमी, खिळा रुतून बसला तर तेल जास्त.

तरीही मणी चेपत होते. पत्रा ०.४० केला, हातोडी हलकी केली, तरी तेच. शेवटी एक चेपलेला मणी करवतीने उभा कापला. वरच्या भोकाखाली राळ घट्ट होती आणि तळाशी चार मिमीची स्वच्छ पोकळी. दुसरा कापला, तिथे एक मोठी पोकळी नव्हती, पावासारखी जाळी होती. एकाच लक्षणामागे दोन वेगळी कारणं निघाली, म्हणूनच इतके दिवस चकवा बसला.

जाळी दमटपणामुळे होती. विटेची पूड हवेतलं पाणी धरते, गरम राळेत त्याची वाफ होते आणि फेस येतो. आता पूड लोखंडी तव्यावर पंधरा मिनिटं भाजते आणि गरम असतानाच राळेत घालते. मिश्रण फसफसायचं पूर्ण थांबेपर्यंत ढवळते. राळेची वाटी थेट ज्योतीवर न ठेवता वाळूच्या कढईत ठेवली की राळ धुरावत नाही. धूर दिसला म्हणजे ती जळायला लागली, पुढे ठिसूळ होणार.

मोठी पोकळी ओतण्याच्या पद्धतीने होत होती. वरून दाट राळ ओतली की भोकाचं तोंड बंद होतं, आतली हवा तिथेच राहते. खालचं भोक उघडं असूनही उपयोग नाही, कारण थंड चांदीला टेकताच राळ थिजते. उपाय उलटा निघाला: ओतायचं नाही, बुडवायचं. मण्याला बारीक तांब्याच्या तारेचं शिंकं करायचं, दोन्ही भोकं उभ्या रेषेत. मणी वाळूत राळेइतकाच तापवून घ्यायचा, नाहीतर राळ तोंडाशीच थिजते. मग खालचं भोक आधी बुडेल असा सावकाश खाली सोडायचा. राळ खालून चढते, हवा वरून निघते. वरचं भोक बुडाल्यावर बुडबुडे थांबेपर्यंत तसाच धरायचा, मला साधारण दोन मिनिटं लागतात. बाहेर काढताच ओल्या शहाबादी फरशीवर उभा टेकवायचा. खालचं तोंड लगेच थिजतं, राळ गळत नाही. वरच्या भोकावर राळेचा छोटा ढीग राहू द्या. आतली राळ थंड होताना आकसते आणि त्या ढिगातून खेचून घेते. ढीग आधीच पुसला तर वर पुन्हा खळगा पडतो.

राळ बोटाला चिकटेनाशी झाली, पण अजून मऊ आहे, अशा वेळी १.२ मिमीची तेल लावलेली पोलादी तार आरपार घालायची. दोऱ्याची वाट तयार होते. पुरती थिजल्यावर तार फिरवून काढायची. बाहेरची राळ टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसायची. मणी टर्पेंटाइनमध्ये बुडवायचा नाही, आतलीही विरघळते.

आणि मणी न कापता फुगा ओळखायचा तर वजन करायचं. ही युक्ती मला सगळ्यात आवडली. रिकामा मणी १ ग्रॅमच्या जवळपास. आतली जागा सुमारे ०.३७ घन सेंमी, माझ्या मिश्रणाची घनता १.५ च्या आसपास, म्हणजे भरल्यावर ०.५५ ग्रॅम वाढायला हवेत. ०.०१ ग्रॅमचा काटा पुरतो. वाढ ०.५० च्या खाली असेल तर आत चार मिमीचा फुगा आहे. तो मणी पुन्हा तापवून पुन्हा बुडवायचा. नव्या पद्धतीने नऊ मणी भरले. आठांची वाढ ०.५४ ते ०.५६, एकाची ०.४७. तो दुसऱ्या बुडीत ०.५५ वर आला. नऊच्या नऊ मठारून झाले, एकही चेपला नाही. नऊ मणी तारेत ओवून खिडकीच्या उजेडात धरले, तेव्हा प्रत्येक ठोक्यात वेगळी चमक दिसली. घंगाळाचीच, पण बोराएवढ्या जागेत.

मठारायची रीत थोडक्यात. घरची तांबटी हातोडी या कामाला फार जड पडते, तिच्या तोंडाचा फुगवटा तेवढा घेतला. ६० ग्रॅमच्या छोट्या हातोडीचं तोंड त्याच वळणावर घासून आरशासारखं केलं. तोंडावरचा प्रत्येक ओरखडा चांदीवर छापला जातो. मणी बाभळीच्या ठोकळ्यातल्या खळग्यात ठेवायचा, शिशाच्या ठोकळ्यावर नाही. शिशाचा कण चिकटला आणि पुढे कधी आच लागली तर तो चांदी खातो. ठोके सांध्याच्या रेषेवर आधी. सांधा उघडणार असेल तर तेव्हाच कळतो, पुढची मेहनत वाया जात नाही. मग घंगाळावर असतात तशा गोल ओळींनी टोकाकडे, प्रत्येक ठोका आधीच्यावर तिसरा हिस्सा चढवून. दोन मिमीच्या ठोक्याने एका मण्याला दीडशेहून जास्त ठोके बसतात. बाकाच्या पायांखाली रबर आणि ठोकळ्याखाली वाळूची पिशवी ठेवली की खालच्या मजल्यावर आवाज जात नाही.

ठरलं होतं ३७ मणी. पण हे लिहिता लिहिता बेत बदलतो आहे. मंडईत बोरं आली आहेत, संक्रांत तोंडावर आहे, घरोघर बोरन्हाणासाठी हलव्याचे दागिने चालले आहेत. बोरांबरोबर हलवा असतोच, मग माळेत का नको? दोन बोरांमध्ये ५ मिमीचा छोटा मणी, त्यावर हलव्यासारखा काटा, म्हणजे रवाकाम: चांदीचे बारीक गोळे पृष्ठभागावर बसवायचे. २५ बोरं आणि २४ हलवे: २७५ अधिक १२०, एकूण ३९५ मिमी. आधीच्या ४०७ च्या अगदी जवळ. छोटे मणी मठारायचे नाहीत, म्हणून त्यांना राळही नको.

रवे असे: ०.५ मिमीची शुद्ध चांदीची तार १ मिमी तुकड्यांत कापून कोळशावर वितळवली की ०.७२ मिमीचे गोळे होतात. ते वापरून निळं झालेल्या अ‍ॅसिडमध्ये लोखंडी तारेबरोबर ठेवले की त्यांच्यावर तांब्याचा पातळ थर बसतो. डिंकाच्या पाण्याने वाटीवर चिकटवून कमी हवेच्या पिवळसर ज्योतीत तापवायचे. चांदी आणि तांबं भेटतात तिथे ७७९ अंशांना पृष्ठभाग वितळतो आणि रवा सोल्डरशिवाय बसतो. ९२.५ ची वाटी ८०२ अंशांनाच वितळायला लागते, म्हणजे हातात जेमतेम २३ अंश. शुद्ध चांदी ९६१ पर्यंत टिकते, म्हणून हलव्याच्या वाट्या शुद्ध चांदीच्याच. जोडायचं मात्र रवे बसल्यावर, सगळ्यात कमी आचेच्या सोल्डरने.

एका वाटीवर २० रवे बसवून पाहिले, १७ टिकले. सुटलेल्या तिन्हींखाली डिंक जास्त होता, तो उकळून फुगला आणि रवे उचलले गेले. पुढची वाटी डिंक निम्म्याने पातळ करून. आधीच्या बेतात बोरांच्या २.२ मिमी भोकांवर ४ मिमीच्या टोप्या दोऱ्यानेच धरायच्या होत्या. आता शेजारचा हलवाच भोक झाकेल, तेव्हा टोप्या रद्द. पटवेकऱ्यांकडे (दागिने दोऱ्यात गाठवणाऱ्यांकडे) गाठवायला देण्याआधी सोळा बोरं भरायची राहिली आहेत. राळेची वाटी अजून वाळूत गरम आहे.