दुरानचं गणित काही सुटत नाही बुवा

परवा कोल्हापूरचे काका मुक्कामाला आले होते. तरुणपणी तालमीत घाम गाळलेला माणूस, कान मोडलेले, अजूनही उठता बसता मांडीवर थाप पडते. जेवणं झाल्यावर मी टीव्हीला यूट्यूब जोडून जुनी बॉक्सिंग लावली, म्हणलं बघू काका किती वेळ बसतायत, तर रात्रीचे दीड वाजले तरी माणूस हलेना. पण पहिल्याच फाइटनंतर त्यांनी जो प्रश्न विचारला त्याच्यावर मी अडकलो तो अडकलोच. "या चौघात भारी कोण रे?"

चौघं म्हणजे ऐंशीच्या दशकातले शुगर रे लेनर्ड, रोबेर्तो दुरान, टॉमी हर्न्स आणि मार्विन हॅगलर. आता कुस्तीत कसं, यानं त्याला पाडलं, त्यानं तिसऱ्याला पाडलं, म्हणजे पहिला तिसऱ्याला पाडणार असा आपला एक ढोबळ हिशोब असतो (तिथंही चुकतो म्हणा). इथं तो लावायला जा, डोकं फिरतं. लेनर्डनं हर्न्सला हरवलं, हर्न्सनं दुरानला दोन राउंडमध्ये तोंडावर पाडलं, पण त्याच दुरानकडून लेनर्ड आधी हरलेला. हॅगलरनं हर्न्सला तीन राउंडमध्ये संपवलं, पण दुरान त्याच हॅगलरसमोर पूर्ण पंधरा राउंड टिकला आणि तेरा राउंड झाले तेव्हा दोन जजच्या कार्डवर (म्हणजे पॉइंट मांडायच्या कागदावर) तर तो पुढे होता. आता काढा उत्तर.

काकांना सगळ्यात आधी दाखवली ती 20 जून 1980 ची, माँट्रियलची. लेनर्डनं चार वर्षांपूर्वी याच शहरात ऑलिंपिक गोल्ड मारलेलं, एकही फाइट हरलेला नाही, दिसायला देखणा, जाहिरातीतला हिरो. आणि समोर पनामाचा दुरान, दाढी वाढलेली, सत्तरच्या वर फाइट आणि हार फक्त एक. फाइटच्या आधी यानं लेनर्डला आणि त्याच्या बायकोला असल्या शिव्या घातल्या की तो पेटला आणि स्वतःचा नाचरा खेळ सोडून समोरासमोर मारामारी करायला गेला. म्हणजे दुरानच्या गल्लीत जाऊन दुरानशी भांडला. पंधरा राउंडनंतर एक-दोन पॉइंटच्या फरकानं हरला. काका म्हणाले, "राग आणला की पैलवान निम्मा संपला." बरोबरच आहे.

पण खरी गंमत पाच महिन्यांनंतरची. 25 नोव्हेंबर 1980, न्यू ऑर्लिन्सचं सुपरडोम. मधल्या काळात दुरान जिंकल्याच्या खुशीत खाऊनपिऊन सुटलेला, मग घाईघाईत वजन उतरवलं, वजन झाल्यावर परत आडवा हात मारला असं सगळे सांगतात. लेनर्ड या वेळी शहाणा झाला, नुसता फिरत राहिला, उभाच राहिना. सातव्या राउंडमध्ये तर हद्दच केली, हात खाली सोडून हनुवटी पुढे, मार म्हणतोय, मग उजवा हात गरगर फिरवतो, आता हाच येणार म्हणून दुरान त्याच्याकडे बघतोय आणि डावा जॅब फाट्कन नाकावर. पब्लिक हसलं. ते हसणं ऐका एकदा हेडफोन लावून, मार परवडला पण ते हसणं नको.

आठव्या राउंडचे सोळा सेकंद राहिलेत. दुरान पाठ फिरवतो, हात झटकतो आणि चालायला लागतो. रक्त नाही, पडला नाही, कार्डवरही फक्त एक-दोन पॉइंटनं मागे. रेफरीलाच कळेना काय चाललंय. "नो मास", म्हणजे बास आता, असं तो म्हणाला अशी जगभर बोंब झाली, दुरान आयुष्यभर सांगत आला की मी तसं म्हणालोच नाही. पोटात कळ आली हे कारण दिलं. काका: "मागं घे. मागं घे अजून." तीनदा बघितलं त्यांनी. "लागलंय कुठं त्याला?" म्हणलं काका हाच तर प्रश्न सगळे चाळीस वर्षं विचारतायत. माझं वैयक्तिक मत, पोटबिट असेल दुखत, पण लोकांनी हसावं आणि आपल्याला हात लावता येऊ नये हे त्या माणसाला सहनच झालं नाही. मार खायला तो कधीच घाबरला नाही, हे पुढच्या दहा वर्षांत दिसलं की.

कारण इथं भलतीच भानगड आहे. 1984 मध्ये हर्न्सनं दुरानला दुसऱ्या राउंडमध्ये असा झोपवला की लोकांनी त्याला मोडीतच काढलं. मग 1988 मध्ये आयरॅन बार्कली नावाचा एक धिप्पाड गडी, डोळ्यावर फाटलेला, रक्तानं माखलेला, हरायच्या बेतात असलेला, त्यानं तिसऱ्या राउंडमध्ये एक उजवा हाणला आणि हर्न्स गार. म्हणजे हर्न्सला पाडणारा बार्कली आणि हर्न्सनं पाडलेला दुरान. अशी जोड लावली तर पैसे कुणावर लावाल? 24 फेब्रुवारी 1989, अटलांटिक सिटी, दुरान 37 वर्षांचा, समोरच्यापेक्षा निम्मं डोकं बुटका, आणि पहिला जागतिक किताब जिंकला तो हलक्या 135 पौंडांच्या गटात, आता लढतोय 160 ला. अकराव्या राउंडमध्ये बार्कलीला खाली बसवला आणि पॉइंटवर जिंकला. काका मांडीवर थाप मारून उभे राहिले, आतून काकूंचा आवाज, "अहो, शेजारी झोपलेत!"

हर्न्सबद्दल मात्र मला वाईट वाटतं. 1981 ला लेनर्डविरुद्ध तेरा राउंड तिन्ही कार्डवर पुढे होता आणि चौदाव्यात सापडला. आठ वर्षांनी परत भेटले तेव्हा लेनर्डला दोनदा पाडलं तरी निकाल बरोबरी! लेनर्ड स्वतःच नंतर म्हणाला की ती हर्न्सची होती. काय उपयोग.

शेवटी लावली ती 6 एप्रिल 1987 ची, लास वेगस, हॅगलर विरुद्ध लेनर्ड. हॅगलर अकरा वर्षं हरला नव्हता. लेनर्डच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं आणि पाच वर्षांत मिळून एक फाइट, त्यातही एकदा खाली पडलेला. पण रिंग मोठी पाहिजे, ग्लोव्ह जाड पाहिजेत, पंधराऐवजी बारा राउंड पाहिजेत, हे सगळं लेनर्डच्या माणसांनी मागून घेतलं आणि हॅगलरनं दिलं. वर हा बाबा मूळचा डावखुऱ्या पवित्र्याचा, सुरुवातीचे राउंड उजव्या पवित्र्यात लढला. का? देव जाणे. ते राउंड फुकट गेले. आणि लेनर्डची हुशारी बघा, राउंडभर पळायचं आणि शेवटचे तीस सेकंद राहिले की कॉर्नरमधून आरोळी, मग हा धडाधड हात चालवणार, जोर किती ते सोडा पण जजच्या डोक्यात शेवटचं तेच राहतं.

आम्ही दोघांनी कालनिर्णयच्या जुन्या पानामागं स्कोर लिहिला. माझा 115-113 लेनर्ड. काकांचा आठ राउंड हॅगलर, चार लेनर्ड, आणि वर "हा नुसता गुदगुल्या करतोय" असा शेरा. खऱ्या जजचं पण असंच, एक 115-113 हॅगलर, एक 115-113 लेनर्ड आणि तिसऱ्यानं चक्क 118-110 लेनर्ड दिलं, म्हणजे हॅगलर बारापैकी दोनच राउंड जिंकला म्हणे! ते ऐकून काका इतके भडकले की मला वाटलं आता टीव्ही जातो. त्यांच्या डोक्यात कुस्ती म्हणजे चितपट, पाठ लागली की संपलं, हे पॉइंटचं प्रकरण त्यांना पटेचना. दुसऱ्या दिवशी गुपचूप आवाज बंद करून मी परत बघितली, तर माझाच स्कोर निघाला 115-113 हॅगलर. हे काकांना सांगितलेलं नाही.

सकाळी त्यांना स्वारगेटला सोडायला गेलो. रिक्षात गप्पच होते. एसटी लागलेली, पिशवी वर ठेवली, खिडकीतून मला म्हणाले, "मग त्या टकल्यानं परत कधी घेतली का रे लेनर्डची?"

"नाही काका. हॅगलर परत रिंगमध्येच उतरला नाही. इटलीला जाऊन राहिला, पिक्चरमध्ये कामं केली. 2021 मध्ये गेला."

"आणि तो बुटका?"

"तो पन्नाशीपर्यंत लढला."

काका हसले. गाडी सुटली तेव्हा हातानं खूण करत होते, फोन कर, फोन कर. रात्री केला तर म्हणाले बार्कलीवालीची लिंक टाक, इथं तालमीतल्या पोरांना दाखवायचीय.