तुम्ही विचारलंत म्हणून: सीझन तिकिटं का सोडली

दर गणपतीत, जेवणाच्या रांगेत, हातात कागदी ताट असताना कुणीतरी विचारतंच. "अहो, मिशिगनची सीझन तिकिटं का सोडलीत?" म्हणजे मिशिगन विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉलची, घरच्या सगळ्या सामन्यांची. २०२४ च्या जानेवारीपासून तर या प्रश्नात कीव मिसळली आहे. ह्यूस्टनला वॉशिंग्टनचा ३४-१३ असा फडशा पाडून आपण राष्ट्रीय विजेते झालो, सबंध सीझन १५-० (पंधरा विजय, हार एकही नाही), आणि मी तो दिवाणखान्यात बसून पाहिला. २००८ च्या ३-९ मध्ये पावसात भिजत बसलेला माणूस नेमका सुगीला शेत सोडून गेला, असं तुमच्यापैकी एकानं तोंडावर ऐकवलं. बरोबर आहे त्याचं.

तर एकदाचं सांगून टाकतो.

आधी माझी जुनी उत्तरं निकालात काढतो, कारण ती मीच पसरवली आहेत. पैसे परवडेनात, हे खोटं. त्याच वर्षी मी गरज नसताना नवी गाडी घेतली. मुलीचा शनिवारचा पोहण्याचा क्लास, हे अर्धं खरं; तो साडेदहाला संपायचा. तिसरं उत्तर सगळ्यात भारदस्त: पोरांची डोकी आदळतात, ते बघवत नाही. सोबत बॉस्टन विद्यापीठाच्या अभ्यासाचे आकडे फेकायचो. एनएफएल (व्यावसायिक लीग) खेळलेल्या १११ जणांच्या मेंदूंपैकी ११० मध्ये सीटीई (डोक्याला वारंवार मार बसून होणारा मेंदूचा आजार), कॉलेजपर्यंतच खेळलेल्या ५३ पैकी ४८ मध्ये. समोरचा गप्प व्हायचा. ते मेंदू तपासणीसाठी दान केलेले होते, म्हणजे बहुतेक घरच्यांना आधीच शंका होती, हे मी सांगत नसे. शिवाय तो अभ्यास छापून आला २०१७ च्या जुलैत आणि तिकिटं मी सोडली २०१६ च्या मार्चमध्ये. इतक्या इंजिनियरांमध्ये एकालाही तारखांचा हा घोळ दिसला नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

खरं कारण १७ ऑक्टोबर २०१५ चं.

सामना तुम्हाला माहीत आहे. पण तो सीझन कसा चालला होता ते तुम्ही विसरता, आणि मग मी वेडा ठरतो. आदल्या वर्षी ५-७. मग हारबॉ प्रशिक्षक म्हणून आला. युटाकडे पहिलीच मॅच हरलो, आणि त्यानंतर काय झालं कुणास ठाऊक. बीवाययू ३१-०, मेरीलँड २८-०, नॉर्थवेस्टर्न ३८-०. लागोपाठ तीन जणांच्या हातात भोपळा! सात वर्षं त्या ॲल्युमिनियमच्या बाकावर मांड्या गारठवल्या होत्या, त्याचं चीज होतंय असं वाटलं. आणि पुढचा सामना मिशिगन स्टेटशी, म्हणजे राज्यातल्याच दुसऱ्या विद्यापीठाशी, आपल्याच घरी.

आबा तेव्हा कोल्हापूरहून आले होते. शिवाजी पेठेतला जन्म आणि सगळी जवानी शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर गेलेली. शिवाजी तरुण मंडळ आणि पाटाकडील तालीम यांची मॅच असली की त्या दिवशी घरात भाजीला मीठ आहे की नाही हे त्यांना सांगता यायचं नाही. त्यामुळे त्यांना फुटबॉलचं वेड समजावायचं नव्हतं, फक्त हा फुटबॉल कुठला ते सांगायचं होतं. आत शिरल्यावर त्यांनी खाली पाहिलं. १,०७,६०१ जागा, आणि त्या दिवशी त्याहून जास्त माणसं कोंबलेली.

"ही सगळी कुठल्या पेठेची?"

मी म्हटलं, एकाच.

"आन् समोरची?"

तासाभरावरच्या गावची. शेजारीच. ऑफिसात माझ्या बाजूच्या टेबलावर बसतो तोसुद्धा त्यांचाच.

"मग बरोबर हाय," म्हणाले, आणि कानटोपी खाली ओढून बसले.

ते स्टेडियम जमिनीत खणलेलं आहे, हे इथं महत्त्वाचं. रस्त्याच्या पातळीवर आत शिरायचं आणि बाकांमधून खाली उतरायचं. म्हणजे निघताना चढायचं. आमची ओळ सदतिसावी, आणि आबांचे गुडघे तेव्हाच गेलेले.

दोन मिनिटांहूनही कमी वेळ उरला होता. २३-२१, आपण पुढे. स्टेटवाले फोर्थ डाउनला, म्हणजे चौथ्या आणि शेवटच्या प्रयत्नात, चुकले, चेंडू आपल्याकडे आला. सबंध सामन्यात ते एकदाही पुढे गेले नव्हते. मी उठलो. "चला आबा, जिंकलो. गर्दी फुटायच्या आत निघू."

"शिट्टी वाजू दे की."

मी म्हटलं, इथं शिट्टीचं काही नसतं, आता नुसतं घड्याळ संपवायचं. फार ठामपणे म्हटलं. बारा वर्षं अमेरिकेत राहिलेला मुलगा बापाला जसं सांगतो तसं.

चढायला लागलो. दर आठ-दहा पायऱ्यांवर आबा कठड्याला हात लावून थांबायचे. आमच्यासाठी माणसं गुडघे आकसून वाट करून देत होती, एकानं आबांना "गो ब्लू" म्हटलं, आबांनी नमस्कार केला. मी मागे वळून पाहिलं नाही. वर पोहोचलो, मैदानाकडे पाठ, आबांनी पाण्याची बाटली उघडली.

पंट (चेंडू लाथेनं लांब समोरच्यांकडे उडवून देणं) होणार असली की गर्दीचा एक हुंकार असतो, चेंडू वर जाईपर्यंत चढत जाणारा. तो चढला आणि मधेच तुटला. मग काही क्षण काहीच नाही. आणि मग एका कोपऱ्यातून, फक्त त्या एका कोपऱ्यातून, आरडाओरडा.

"गोल झाला," आबा म्हणाले.

"कुणाचा?"

"आपला न्हाई."

मी धावत तोंडाशी गेलो. घड्याळावर शून्य, आणि एंड झोनमध्ये, गुण मिळतात त्या टोकाच्या पट्ट्यात, स्टेटच्या पांढऱ्या जर्सींचा ढीग. बाकीचं मी तुमच्यासारखंच फोनवर पाहिलं, नंतर, शंभर वेळा. दहा सेकंदं उरलेली. स्नॅप (मागे पंटरकडे फेकलेला चेंडू) खाली आला, पंटरच्या हातून निसटला, त्यानं धडपडून उचलला, चेंडू उडून सरळ स्टेटच्या पोराच्या हातात, आणि तो ३८ यार्ड पळाला. २७-२३. त्या पळणाऱ्या पोराचं खुब्याचं हाड त्याच्याच सोबत्यांच्या ढिगात मोडलं. गोल्फ कोर्सवर लावलेली गाडी बाहेर काढायला आम्हाला दीड तास लागला. लवकर निघून मिळवलं ते एवढं.

आता जे तुम्हाला माहीत नाही ते. आपला पंटर ऑस्ट्रेलियातून आलेला. त्याच दुपारी त्यानं ८० यार्डांची पंट मारली होती आणि मी बाकावर उभा राहून ओरडलो होतो. रात्री साडेअकराला, आबा झोपल्यावर, मी त्याच्या सोशल मीडियावरच्या पानावर जाऊन लिहिलं की याला मिळेल त्या पहिल्या विमानात बसवा आणि जिथून आला तिथं परत पाठवा. दारू प्यायलेली नव्हती. स्पेलिंग तपासून लिहिलं. माझं स्वतःचं ग्रीन कार्ड तेव्हा आठव्या वर्षी लटकलेलं होतं, आणि अशी वाक्यं मला पेट्रोल पंपावर दोनदा ऐकवली गेली होती. तरीही ती ओळ माझ्या बोटांतून सहज आली. तिला चाळीसेक लाइक मिळाले. ते मी झोपण्याआधी मोजले.

दुसऱ्या दिवशी विद्यापीठाच्या हंगामी ॲथलेटिक डायरेक्टरनं जाहीर पत्र काढलं: पोरांना असं बोलणं आपल्याला शोभत नाही, वगैरे. मी ते वाचलं, पटलं, आणि चार जणांना पुढे पाठवलं. तुमच्यापैकी दोघांना आलंही असेल. ते पत्र मलाच लिहिलंय हे डोक्यात शिरायला संध्याकाळ झाली. मग ती ओळ पुसली.

आबांना सांगितलं. मला वाटलं रागावतील. ते हसले. "आम्ही एका गोलकीपरच्या दारात शिमगा केला हुता. दुसऱ्या दिवशी त्याच्याच टपरीवर च्या प्यालो."

"काही बोलला नाही?"

"साखर घातली न्हाई त्यानं."

मला मात्र बिनसाखरेचा चहा पाजणारं कुणी नव्हतं. रटगर्सच्या सामन्यात तो पंट मारायला आला की मी फोनमध्ये बघत बसलो. ओहायो स्टेटनं ४२-१३ नं चोपलं, तेव्हा तर हायसंच वाटलं, आता सगळ्यांचाच दोष होता. सिट्रस बोलमध्ये, म्हणजे सीझनच्या शेवटच्या खास सामन्यात, फ्लोरिडाला ४१-७ नं हरवून १०-३ वर सीझन संपला. चांगला सीझन म्हणून त्याची गणना होते, आणि होतोच. मार्चमध्ये नूतनीकरणाची मेल आली आणि मी पैसे भरले नाहीत.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, बरं, पश्चात्ताप झाला. थांबा. २०२१ मध्ये बर्फात ओहायो स्टेटला ४२-२७ नं हरवलं तेव्हा मी घरात इतका किंचाळलो की मुलगी खोलीचं दार लावून बसली. २०२४ च्या जानेवारीत रोझ बोलमध्ये अलाबामाविरुद्ध शेवटच्या मिनिटात, आपल्याच गोल लाइनजवळ, पंट झेलणाऱ्या आपल्या पोराच्या हातून चेंडू सुटला, आणि माझ्या तोंडात आलेली शिवी त्या रात्रीच्याच जातकुळीतली होती. त्यानं तो कसाबसा आवरला, ओव्हरटाइममध्ये आपण २७-२० जिंकलो, म्हणून ती तोंडातच राहिली. एवढाच माझ्यातला बदल.

आणि कधीकधी, शनिवारी दुपारी, याहून वाईट शंका येते. मला लाज त्या ओळीची वाटते, की ती शेवटची दहा सेकंदं चुकल्याची? तिथं थांबलो असतो, इतरांसारखे डोक्यावर हात ठेवून उभे राहिलो असतो, तर रात्री लिहिलं असतं का? थांबलेल्यांपैकीही पुष्कळांनी लिहिलंच की. आबा विचारतात, "तो तुमचा खेळ चालू हाय का अजून?" मी चालू आहे म्हणतो. तिकिटांचं त्यांना सांगितलेलं नाही, उगाच गुडघ्यांवर घेतील.

परवा तुमच्यातल्याच एकाचा मेसेज आला. स्टेटच्या मॅचचं एक तिकीट जास्तीचं आहे, येणार का. मी अजून हो म्हटलेलं नाही. ओळ कितवी आहे तेवढं विचारलंय.