बाबांच्या नाटकाच्या वह्या आणि डबली लिंक्ड लिस्ट

सापडलं एकदाचं. बाबांच्या वह्या वाचायला मी लिहिलेला प्रोग्राम मध्येच बंद पडायचा, तीन आठवडे छळत होता तो क्रॅश, आणि निघाली काय तर एक ओळ लिहायची राहिलेली. पण नुसती ओळ सांगून कळणार नाही म्हणून सगळंच लिहिते, कारण या निमित्ताने डबली लिंक्ड लिस्ट, म्हणजे जिच्यातल्या प्रत्येकाला आपला पुढचा आणि मागचा ठाऊक असतो अशी यादी, मला पहिल्यांदा खरी कळली असं वाटतंय.

आमच्याकडे गोव्यात, फोंडा तालुक्यात, जत्रा म्हटली की नाटक आलंच, आणि बाबांनी गावच्या नाटकांना पस्तीस वर्षं प्रॉम्प्टिंग केलं. घरात एक ट्रंक भरून वह्या आहेत, हाताने उतरवलेली नाटकं, कडेला लाल शाईत एंट्री-एक्झिट, कुठलं पद गाळलं, कुठे ऑर्गनवाल्याला खूण करायची, सगळं. आमच्या पावसात कागदाला बुरशी धरायला किती वेळ लागतो ते इथल्यांना सांगायला नको, म्हणून गेल्या मे महिन्यात मी स्कॅनिंग सुरू केलं आणि आता २,३०० पानं झालीत. बाबांना ती मोबाइलवर वाचायला जमत नाही, त्यांना मोठा स्क्रीन लागतो, आणि त्यांच्याकडे ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप आहे. मग मी सी प्लस प्लसमध्ये एक छोटा व्ह्यूअर लिहिला, डावा बाण मागे, उजवा बाण पुढे, बाकी काही नाही.

१५० डीपीआयला, म्हणजे इंचाला १५० ठिपके धरून, ए-फोर पान स्कॅन केलं की १२४० बाय १७५४ पिक्सेल होतात, पिक्सेलला ४ बाइट धरले तर फाइल डिस्कवर कितीही लहान असली तरी मेमरीत उघडल्यावर एक पान साधारण ८.७ एमबी खातं. २,३०० पानांचे झाले २० जीबी. म्हणजे सगळी उघडून ठेवता येत नाहीत, आणि दर वेळी नव्याने उघडायचं तर त्या लॅपटॉपवर पान यायला वेळ लागतो आणि बाबांचा वाचनाचा सूर जातो. मग ठरवलं की शेवटची बघितलेली ४० पानं हाताशी ठेवायची, एकेचाळिसावं आलं की सगळ्यात जास्त वेळ न बघितलेलं काढून टाकायचं. याला एलआरयू कॅश म्हणतात, इंटरव्ह्यूत विचारून विचारून घासलेला प्रश्न आहे हा, पण घरच्या गरजेतून समोर आला तेव्हा त्याची रचना का तशी आहे ते समजलं.

बघा, काम तीन प्रकारचं आहे. पान नंबरावरून पान शोधायचं, बघितलेलं पान होतं तिथून उचलून सगळ्यात पुढे आणायचं, आणि गरज पडली की शेवटचं टाकायचं. शोधायला अनऑर्डर्ड मॅप आहेच, नंबर दिला की त्याच्यापुढे ठेवलेली नोंद लगेच देणारा तक्ता. पण मॅपमध्ये ठेवायचं काय? मी आधी व्हेक्टर, म्हणजे मेमरीत सलग ठेवलेली यादी, घेतला होता आणि मॅपमध्ये इंडेक्स, म्हणजे पान त्या यादीत कितवं आहे तो आकडा, ठेवला होता, तर एक पान पुढे आणलं की त्याच्या आधीच्या सगळ्यांचे इंडेक्स एकने सरकले आणि मॅपमधले सगळे आकडे खोटे ठरले. ४० पानांत प्रत्येक वेळी शोधत बसलं तरी चालेल हो, कॉम्प्युटरला ४० म्हणजे काहीच नाही, पण पुढे मला सगळ्या पानांचे थंबनेलही असेच ठेवायचे आहेत, म्हणून नीट करायचं ठरवलं.

इथे लिस्ट उपयोगी पडते, आणि ती का हे मला ढालोवरून सुचलं. पौषात आमच्या मांडावर, म्हणजे गावच्या ठरलेल्या खेळायच्या जागेवर, बायका समोरासमोर दोन रांगा करून एकमेकींच्या कमरेला हात घालून ढालो खेळतात, मी लहानपणापासून आईबरोबर उभी राहिलेय. मध्येच कोणाला घरी जायचं असेल, पोर रडतंय वगैरे, तर ती बाहेर पडते आणि तिच्या डावी-उजवीकडच्या दोघी एकमेकींना धरतात. बस्स. रांगेतल्या बाकीच्यांना पत्ताही लागत नाही, कोणाला सरकायला लागत नाही, आणि ती कितवी होती हे मोजायला कोणी रांगेच्या टोकाला जात नाही. डबली म्हणजे हेच, प्रत्येकीला दोन्ही बाजू ठाऊक. एकाच बाजूचा हात धरलेला असता, म्हणजे सिंगली लिंक्ड, तर मागची कोण हे शोधायला पहिलीपासून चालत यावं लागलं असतं.

सी प्लस प्लसच्या लिस्टमध्ये यासाठी स्प्लाइस म्हणून फंक्शन आहे आणि ते फार कमी लोक वापरतात याचं मला खरंच वाईट वाटतं. लोक इरेज करून पुश फ्रंट करतात, म्हणजे नोड (रांगेतली एक बाई म्हणा) मोडायचा आणि तस्साच दुसरा बांधायचा. स्प्लाइस नोड आहे तसा उचलतं आणि मोजून सहा पॉइंटर, म्हणजे शेजाऱ्यांचे पत्ते, बदलतं, काही कॉपी नाही, नवीन मेमरी नाही, आणि मुख्य म्हणजे मॅपमध्ये आता इंडेक्सऐवजी ठेवलेला इटरेटर, म्हणजे त्या नोडचा पत्ता, नंतरही त्याच पानाकडे बोट दाखवत राहतो.

पण म्हणून ऊठसूट लिस्ट वापरू नका, असंही सांगते. ६४ बिट मशीनवर ४ बाइटचा एक इंट ठेवायला नोड २४ बाइटचा होतो, शिवाय नोड मेमरीत कुठे कुठे विखुरलेले, त्यामुळे पहिल्यापासून शेवटपर्यंत चालत जायचं काम असेल तर व्हेक्टरच पुढे जातो, कारण प्रोसेसर साधारण ६४ बाइटची कॅश लाइन, म्हणजे शेजारशेजारच्या मेमरीचा तुकडा, एकदम आणतो आणि पुढचे आकडे आयतेच आलेले असतात. मधल्या जागी घालायला लिस्ट फास्ट असं पुस्तकात असतं ना, ते तेव्हाच जेव्हा ती जागा आधीच तुमच्या हातात असते. शोधत जायचं असेल तर सगळा फायदा त्या चालण्यातच गेला. आणि जुना कंपायलर असेल तर साइझकडेही, म्हणजे लिस्टमध्ये किती नोड आहेत ते सांगणाऱ्या फंक्शनकडेही, लक्ष ठेवा, सी प्लस प्लसच्या २०११ च्या स्टँडर्डआधी लिस्टचं साइझ सगळे नोड मोजत बसलं तरी ते नियमात बसत होतं, जीसीसी या कंपायलरने ते २०१५ साली ५ व्या व्हर्जनमध्ये बदललं. मी तर प्रत्येक पानाला नवं घालायच्या आधी साइझ ४० झालं का बघतेय.

आता क्रॅश. मी टेस्ट करताना नुसती पुढे पुढे जात होते, दोनशे पानं उलटली, मस्त चाललं. बाबांकडे दिलं आणि दुसऱ्याच दिवशी ते म्हणाले, "अगं, पाचवं पान मागितलं तर पंचेचाळिसावं येतंय." मला वाटलं स्कॅनिंगमध्ये पानं उलटसुलट झाली, म्हणून एक रविवार फाइलींची नावं तपासण्यात गेला. सगळी बरोबर. आणि कधी कधी चुकीचं पान न येता प्रोग्रामच बंद पडायचा. बाबा प्रॉम्प्टर, त्यांना पान वाचताना आधीची एंट्री बघायला मागे जायची सवय, चाळीस-पन्नास पानं पुढे जाऊन परत अंकाच्या सुरुवातीला येतात. मी तसं कधी केलंच नव्हतं.

शेवटी ॲड्रेस सॅनिटायझर, म्हणजे मेमरीच्या चुका पकडणारं साधन, लावून बिल्ड केलं आणि बाबांसारखी मागेपुढे गेले, तर लगेच आलं, हीप यूज आफ्टर फ्री, म्हणजे सोडून दिलेली मेमरी परत वापरली, आणि खाली ती मेमरी कुठे सोडली तेही, पॉप बॅकची, म्हणजे शेवटचं टाकायची, ओळ. लिस्टमधून शेवटचं पान मी टाकत होते पण मॅपमधून त्याचं नाव काढतच नव्हते. मॅप सांगतोय पाचवं पान इथे आहे, आणि तो नोड तर केव्हाच मोडलेला. त्याच आकाराची जागा लगेच मागितली की अॅलोकेटर, म्हणजे मेमरी वाटून देणारा, बहुतेक नुकतीच सोडलेलीच हातात देतो, म्हणून पाचव्याच्या जागेवर पंचेचाळिसावं येऊन बसलं. बरोबर ४० चा फरक! बाबांनी आकडा अचूक सांगितला होता आणि त्यातच उत्तर होतं, मी फाइलींत शोधत बसले. ती जागा दुसऱ्याच कशाला तरी मिळाली की मग क्रॅश.

दुरुस्ती अशी की पॉप बॅकच्या आधी शेवटच्या नोडमधला पान नंबर वाचून मॅपमधून तो इरेज करायचा. म्हणूनच नोडमध्ये चित्राबरोबर पान नंबरही ठेवावा लागतो, नाहीतर टाकताना हे कोणाचं नाव पुसायचं तेच कळणार नाही. मॅपमध्ये तर नंबर आहेच, मग परत कशाला, असं मला आधी वाटायचं.

काल रात्री बाबांनी एका ऐतिहासिक नाटकाचे तिन्ही अंक वाचले, कमीत कमी दहा वेळा मागे गेले, सगळी पानं बरोबर आली. मध्येच मला बोलावून एका पानाच्या कडेला पेन्सिलीने लिहिलेलं दाखवलं, अगदी फिकट, "इथे थांब, टाळी येईल". स्कॅनमध्ये ते जेमतेम दिसतं, तेवढ्या पेन्सिलीच्या पानांसाठी आता ३०० डीपीआयने परत स्कॅन करायला हवं, म्हणजे एका पानाचे जवळजवळ ३५ एमबी, आणि ते ४० चं गणित नव्याने मांडायचं.